टेंपो ट्रॅव्हलर, कॅम्पर (जुनी) : सायलेन्सरकाम व रेडिएटरकाम

जुनी डिझेल व्हॅन मुक्कामाजोगी करून घेतल्यावर तिच्यात हमखास बदलावे लागणारे दोन भागसमूह : इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळ्या-सायलेन्सरची साखळी आणि इंजिन थंड ठेवणारी पाण्याची व्यवस्था. दोन्हींचे कारागीर वेगळे, दुकाने वेगळी. त्यामुळे मालक ही कामे वेगवेगळ्या महिन्यांत काढतो. ती एकाच वेळी काढावीत. तुंबलेल्या सायलेन्सरमुळे इंजिनाची उष्णता अडते, पाण्याचा काटा चढतो आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरवर जातो. प्रस्तुत नोंद कोथरूड (पुणे) भागात उभ्या दिसणाऱ्या टेंपो ट्रॅव्हलरला धरून केली आहे.

गाडी : आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीने (२००५ पासून फोर्स मोटर्स) १९८७ मध्ये ट्रॅव्हलर बाजारात आणली. मूळ बांधणी मर्सिडीजच्या १९७७ सालच्या टी-१ व्हॅनची. त्याआधीची कंपनीची मेटॅडोर इतकी रुजली की कोणत्याही छोट्या मालगाडीला आजही कित्येक गावांत मेटॅडोरच म्हणतात. जुन्या ट्रॅव्हलरचे इंजिन ओएम ६१६ : चार सिलिंडर, २.४ लिटर, टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीज २४०-डी मोटारीत होते आणि इकडे याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीतही बसले. म्हणून सुट्या भागांची अडचण आजही फारशी येत नाही. नाना पेठेत नवे मिळते. जुने भाग मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी आणि बुधवारी, नशिबावर. बॉनेट आखूड असल्याने इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये, पुढच्या दोन आसनांच्या मधे येतो आणि त्यावर झाकण असते. पुढे येणाऱ्या धुराच्या धोक्याचे मूळ इथे आहे.

सायलेन्सर : मॅनिफोल्ड, पुढची नळी, फ्लँज व गॅस्केट, सायलेन्सरचा डबा, मागची नळी, रबरी हँगर असा क्रम. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या पिढीत नाही. डबा बाहेरून गंजतो हा समज अर्धाच खरा. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी तासभर पळाली तर ती वाफ निघून जाते; सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी दहा मिनिटे ‘चालू करून ठेवलेल्या’ गाडीत ती थंड डब्यात पाणी होऊन साचते आणि डबा आतून खाते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक अधिक असल्याने त्या पाण्याला आम्लाची धार असे. बीएस-३ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ३५० होती, बीएस-६ मध्ये ती १० आहे. तरीही डब्याच्या खालच्या शिवणीला भोक पडायचे ते पडतेच. कोथरूडमधल्या बहुतेक कॅम्पर चालून नव्हे, उभ्या राहून सडतात.

मॅनिफोल्डचे जुने नट-स्टड हे या कामातले खरे दुखणे. जोर लावला तर स्टड मुळाशी तुटतो आणि शंभर रुपयांचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते. जाणता मेकॅनिक आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवतो, सकाळी नट गॅसच्या ज्योतीने लाल करतो, आणि सोडवण्याआधी पाव फेरा घट्ट करून पाहतो. जुने गॅस्केट अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे. फाटलेल्या डब्यावर पत्र्याचे ठिगळ वेल्ड करून देतात. वर्ष निघते, इतकेच. कॅम्परमध्ये मात्र ठिगळाचा मोह टाळावा : माणसे गाडीत झोपतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फ्लँजमधून गळती आहे का हे पाहण्यासाठी थंड इंजिन चालू करून जोडापाशी काजळीची काळी रेघ शोधतात.

रेडिएटर : जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, म्हणजे दुरुस्त होणारा. रेडिएटरवाला वरची टाकी झाळ वितळवून उघडतो, चपट्या नळ्यांमधून पोलादी पट्टी घालून क्षार खरवडतो (याला ‘रॉड मारणे’ म्हणतात), टाकी पुन्हा झाळतो, मग सगळा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब देतो. बुडबुडा आला तिथे डाग. दुकानात या वेळी कोणी बोलत नाही. सगळे पाण्याकडे बघतात. निम्म्याहून अधिक नळ्या बुजल्या असतील तर जाळीच बदलावी लागते. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असलेला नवा रेडिएटर हलका व स्वस्त, पण त्याला डाग देता येत नाही. फुटला की टाकून द्यायचा. प्रगती म्हणावी की नाही हा प्रश्न आहे.

क्षार येतो बोअरच्या पाण्यातून. कूलंट घालण्याचे कारण पुण्यात थंडी नव्हे (शहराचा नोंदलेला नीचांक १.७ अंश सेल्सिअस, १७ जानेवारी १९३५), तर गंज रोखणारी द्रव्ये हे आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने उघडे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. दाब धरणारे झाकण ही मर्यादा पुष्कळ वर नेते. त्यामुळे सैल पडलेले झाकण हे ‘गाडी तापते’ या तक्रारीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. बारीक गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना ड्रायव्हरी उपाय चालतो. मुक्कामाला पोचवतो, पण नळ्याही बुजवतो.

थर्मोस्टॅट सुमारे ८० अंशांना उघडतो. तो काढून टाकण्याची गॅरेजी सवय चुकीची : इंजिन नीट तापत नाही, धूर वाढतो. पाण्याच्या पंपाला मेकॅनिक ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. तिच्या बारीक भोकातून थेंब येऊ लागले की सील गेले. होजपाइप दाबून पाहावेत. फॅनबेल्ट तिथेच बदलावा.

नियम : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० नुसार सायलेन्सर अनिवार्य आहे. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी. धुराची मर्यादा प्रकाशशोषण गुणांक २.४५ प्रति मीटर. व्हॅनचे कॅराव्हॅनमध्ये रूपांतर हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालील बदलाचा विषय असून त्याचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. मोटर कॅराव्हॅनसाठीचे प्रमाणक एआयएस-१२४; ही प्रमाणके १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. ती कोथरूडलाच, वेताळ टेकडीवर आहे. महाराष्ट्र शासनाचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चे.



चाचणी : काम झाल्यावर गाडी पौड रस्त्याने कोथरूड डेपोवरून चांदणी चौकाच्या चढणीला, पुढे भूगावमार्गे पिरंगुट घाटात न्यावी. घाटमाथ्यावर थांबून इंजिन पाच मिनिटे तसेच चालू ठेवावे : काटा खाली आला पाहिजे, इंजिनाच्या झाकणापाशी धुराचा वास येता कामा नये. त्याच वेळी पाणी बघण्यासाठी रेडिएटरचे झाकण उघडू नये. इंजिन बंद करून ते हाताला थंड लागेपर्यंत थांबावे.