बाटलीतला धूर

धूर बाटलीत भरता येतो? अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने १८९५ साली तो विकायलाही काढला! लाकडाचा धूर गार करायचा आणि जमलेलं पाणी धरायचं, इतकंच. पुढे त्यातलं डांबर गाळून काढू लागले आणि हा अर्क खऱ्या धुरापेक्षा बरा, असं मत झालं.

त्याला कारणही होतं. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग काजळीशी जोडला होता. १९३०च्या दशकात डांबरातला गुन्हेगारही सापडला: बेंझोपायरिन. २००३च्या युरोपीय कायद्याने अर्कात ते किलोमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा घातली. तपासणीनंतर दहा अर्कांना २०१४ पासून दहा वर्षांची परवानगी मिळाली.

मुदतवाढीच्या वेळी मात्र नव्याने पाहणी झाली. फ्युरानोन, कॅटेकॉल अशी पेशीतल्या डीएनएला इजा करू शकणारी द्रव्यं पुढे आली. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं, तपासलेल्या आठांपैकी एकाहीबद्दल शंका फिटत नाही. खाल्लं की आजार होतोच, असं नव्हे. पण २०२४ मध्ये मुदतवाढ नाकारली गेली. सूप-चिप्सना दोन वर्षं, हॅम-मासे-चीजला पाच वर्षं सवलत.

गंमत म्हणजे खऱ्या धुराला अशी परवानगी लागतच नाही. आपल्या निखाऱ्यावरच्या तुपाच्या धुंगारालाही नाही!

'सुरक्षित' म्हणजे तोवर विचारलेल्या प्रश्नांपुरतं सुरक्षित. असो.