साक्ष कोणाची?



इतिहासाच्या अभ्यासकाने कागद हाती घेताच प्रथम विचारावे : ही साक्ष कोणाची, कोणासमोर आणि केव्हा दिलेली? हाच प्रश्न वैद्यकशास्त्रात कसा उपस्थित झाला, त्याची हकीकत मी सांगणार आहे.

विजेच्या झटक्याचा उपचार चेर्लेत्ती व बिनी यांनी १९३८ साली रोममध्ये सुरू केला. पुढे ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने रुग्णांसाठीच्या माहितीत लिहिले की, ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण त्याबाबत समाधानी आहेत. २००३ साली लंडनमधील डायना रोझ व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी डॉक्टरांचे २६ अभ्यास आणि रुग्णांनी किंवा त्यांच्या सहभागाने केलेल्या कामाचे ९ अहवाल एकत्र पारखले. या पाचांपैकी दोघांनी हा उपचार स्वतः घेतलेला होता. त्यांना आढळले की, डॉक्टरांनी उपचारानंतर लवकरच, मोजक्या प्रश्नांनी विचारपूस केली तेथे समाधान अधिक नोंदले गेले. रुग्णांच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत ते कमी भरले. स्मृती दीर्घकाळ हरपल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत २९ ते ५५ टक्के होते. कॉलेजचे विधान निराधार ठरले.

हा उपचार निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे; तीव्र विषादात तो आजही दिला जातो. परंतु ज्याने खाटेवरून डॉक्टरांना उत्तर दिले आहे, त्याला त्या उत्तरामागचा संकोच चटकन ओळखता येतो. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बोलावून साक्ष तोलणाऱ्यांच्या पंक्तीत बसवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.