कोंकणचें जुनें घर आणि पोथ्यांची ओल

जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्यांस दोन शत्रूंची ओळख असते. देशावर कसर व वाळवी, आणि कोंकणांत ओल. रत्नागिरीकडे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक सर्व ज्येष्ठ ते भाद्रपद या चार महिन्यांत पडतो. हवा इतकी दमट असते कीं पेटींतील धोतरास आठ दिवसांत वास येऊं लागतो. अशा प्रदेशांत दोनदोनशें वर्षें कागद टिकले कसे, हा प्रश्न वस्तुतः आपणांस प्रथम पडावयास हवा होता. आपण शाईची तारीफ केली, कागदाची केली, लेखकाच्या अक्षराची तर फारच केली. परंतु ज्या घराच्या माळ्यावर ती पोथी सुरक्षित राहिली त्या घराचा विचार आपल्या टिपणांत क्वचितच आढळतो. तें घर थोडक्या पैशांत, जवळच्याच सामानानें, जळण फारसें न जाळतां उभें राहिलेलें असे, आणि ओल बाहेर टाकण्याची युक्ति त्याच्या प्रत्येक अंगांत होती. तीं घरें आतां पडत आहेत. त्यांच्या जागीं जीं उभीं राहत आहेत त्यांत माणसांचें कसें होईल तें होवो, पण पोथ्यांचें मात्र बरें दिसत नाहीं.

संस्कृत ग्रंथांत या विषयाचा शोध घेऊं गेल्यास थोडी निराशा होते. 'वास्तु' हा शब्द 'वस्' धातूपासून निघालेला, म्हणजे राहणें हाच त्याचा मूळ अर्थ. तथापि सहाव्या शतकांतील बृहत्संहिता घ्या, अकराव्या शतकांतील भोजाचा समराङ्गणसूत्रधार घ्या किंवा मयमत घ्या. त्यांत दिशा, पदविन्यास, आय व व्यय यांचें गणित भरपूर आहे, परंतु श्रावणांत नैर्ऋत्येची झड भिंतीवर आपटूं लागली म्हणजे गृहस्थानें काय करावें, याविषयीं फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. वराहमिहिरानें वज्रलेपाचा एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. कच्चीं टेंभुरणीचीं व कवठाचीं फळें, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, वेखंड इत्यादि पदार्थांचा काढा आटवून त्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा वगैरे मिळवावयाचीं आणि तो लेप प्रासाद, मूर्ति, भिंत, विहीर यांस लावावयाचा. हें सामान जमविण्याची ऐपत राजाची, कोंकणांतल्या कुळाची नव्हे. गंमत एवढीच कीं त्यांतलें वेखंड आपल्या लोकांनीं भिंतीस न लावतां पोथीच्या बस्त्यांत ठेवलें, आणि कसरीपासून कागद वांचविले.

याला अपवाद म्हणून केरळांतील मनुष्यालयचन्द्रिका हा ग्रंथ दाखवितां येईल. तो सोळाव्या शतकाच्या सुमाराचा असून नांवाप्रमाणेंच मनुष्यांच्या घरांपुरता लिहिलेला आहे. देवालयें व राजप्रासाद बाजूस ठेवून केवळ राहत्या घराचा विचार करणारा ग्रंथ या पावसाळी किनाऱ्यावरच निर्माण व्हावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाहीं. आमच्या कोंकणांत मात्र ही विद्या ग्रंथांत न राहतां सुतार व गवंडी यांच्या हातांत राहिली. शब्दांत तिचे कांहीं अवशेष आहेत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर माती व शेण लिंपलेल्या भिंतीस आपण 'कूड' म्हणतों, तो संस्कृत 'कुड्य'च होय. शिंपल्या भाजून केलेला 'चुना' म्हणजे 'चूर्ण'.

आतां दगडाकडे वळूं. कोंकणचा जांभा हा लाल, सच्छिद्र दगड. इ. स. १८०७ मध्यें फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांतील अंगाडिपुरम् येथें पाहिलेल्या अशाच दगडास लॅटरैट असें नांव दिलें. लॅटिन भाषेंत 'लाटेर' म्हणजे वीट. नांव अगदीं समर्पक आहे. खाणींत हा दगड मऊ असतो, त्याचे सरळ चिरे कापतां येतात, आणि उघड्या हवेंत तो हळूहळू कठीण होतो. म्हणजे भट्टीवांचून तयार झालेली वीटच ती. मातीची वीट भाजावयाची तर नऊशें ते हजार अंश उष्णता लागते, चुन्यालाही सुमारें नऊशें लागते, आणि सिमेंटाच्या भट्टींत ती साडेचौदाशें अंशांपर्यंत न्यावी लागते. चिऱ्याला केवळ कापणाऱ्याची मजुरी व गाडीभाडें. घराच्या सामानास किती जळण खर्ची पडलें हा हिशेब हल्लींचे वास्तुशास्त्रज्ञ मांडतात. त्या हिशेबांत जांभ्याचा चिरा फारच खालीं, म्हणजे उत्तम ठरतो.

परंतु जांभा पाणी पितो, हें विसरून चालणार नाहीं. पावसाळ्यांत तो भिजतो आणि आश्विनाच्या उन्हांत वाळतो. जुन्या गवंड्यानें हें पिणें बंद करण्याचा यत्न केला नाहीं, प्यालेलें पाणी परत जाईल एवढी वाट मोकळी ठेवली. सांध्यांत माती किंवा चुना, बाहेरून चिरा उघडा किंवा नुसता चुन्याचा हात, आंतून माती व शेणाचें सारवण. हे सारे पदार्थ ओलीस अडवीत नाहींत. जोतें उंच, म्हणून जमिनीची ओल भिंतींत चढण्यास अवकाश थोडा. सिंधुदुर्गाच्या पायांत शिशाचा रस ओतल्याचें सर्वांस ठाऊक आहे. त्या किल्ल्याचें काम इ. स. १६६४ त सुरू झालें, व समुद्राच्या लाटांशीं झुंजावयाचें तर तसा खर्च करणें योग्यच होतें. सामान्य गृहस्थानें पाण्याशीं झुंज न घेतां त्याच्याशीं तह केला.

खरी करामत छपराची. तें उतरतें, आणि पाखी भिंतीच्या बरीच पुढें आलेली, त्यामुळें पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात. भोंवतीं पडवी, ती भिंतीची छत्रीच. पावसाच्या तोंडावर वाऱ्याच्या बाजूस माडाच्या झावळ्यांचे झाप बांधीत, आणि पाऊस सरला कीं सोडीत. आरंभीं गवत किंवा पेंढा, पुढें गांवच्या कुंभाराचे नळे, आणि इ. स. १८६५ मध्यें जॉर्ज प्लेब्स्ट या बासेल मिशनच्या गृहस्थानें मंगळूरास कारखाना काढल्यावर चापट खांचांचीं मंगलोरी कौलें आलीं. हीं कौलें एकमेकांत अडकतात, वजनानें हलकीं पडतात, आणि तरीही फटींतून वारा खेळूं देतात. दरवर्षीं वैशाखांत घर शाकारावें लागे हें खरें, परंतु त्या निमित्तानें घरधनी वर्षांतून एकदां आपल्या आढ्यापर्यंत चढून वासे व रिपा पाहून येई.

चुलीचा धूर माळ्यांतून वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडे. चार महिने ऊन नसतां माळा जो कोरडा राहत असे तो या उबेमुळें. पोथ्यांचे बस्ते बहुधा तेथेंच, फळीवर किंवा आढ्यास टांगलेले. आपली काळी शाई काजळाची. काजळ कधीं विटत नाहीं, पण तें ज्या डिंकांत खललेलें असतें तो डिंक ओलीनें फुगतो आणि पत्रास पत्र चिकटतें. लेखक शेवटीं वाचकाची प्रार्थना करतो कीं तेलापासून, पाण्यापासून व शिथिल बंधनापासून या पुस्तकाचें रक्षण कर. त्यांतील पाण्यापासूनचें रक्षण निम्म्याहून अधिक त्या धुरानेंच केलें असें मी म्हणेन. याचा मोबदला कोणीं दिला हेंही नमूद केलें पाहिजे. तो स्वयंपाकघरांतील बायकांनीं आपल्या डोळ्यांनीं व छातीनें दिला. चूल परत आणा असें म्हणण्याची माझी छाती नाहीं, आणि इच्छाही नाहीं.

सिमेंट आपल्याकडे विसाव्या शतकांत आलें; पोरबंदरच्या कारखान्यांत इ. स. १९१४ त तें तयार होऊं लागलें. तें वाईट नव्हे, जागा चुकली. जांभ्याच्या भिंतीवर आंतबाहेर सिमेंटाचा गिलावा केला म्हणजे पायांतून व भेगांतून शिरलेलें पाणी आंतच अडकतें, आणि खारट वाळू वापरली असल्यास भिंतीस लोणा लागून गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. वर सपाट स्लॅब घातली कीं ती दिवसभर तापते आणि रात्रीं ती उष्णता खोलींत सोडते. मग पंखा, आणि पंख्याचें वीजबिल. पाखी नाहींशी झाल्यामुळें झड थेट भिंतीवर. अशा घरांत जुना बस्ता माळ्यावरून उतरवून लोखंडी कपाटांत बंद करून ठेवतात. मालकाचा हेतु चांगला असतो. परंतु हवेंतील आर्द्रता शेंकडा सत्तरांच्या वर राहिली कीं कागदावर बुरशी धरते, आणि कोंकणांत आषाढ-श्रावणांत ती नव्वदांपर्यंत जाते. दोनशें पावसाळे काढलेली पोथी अशा कपाटांत दहा पावसाळेही काढील असा भरंवसा मला वाटत नाहीं.

जुनी रीति नव्या विद्येशीं जुळविणें अशक्य नाहीं. याच पावसाच्या पट्ट्यांत दक्षिणेस, त्रिवेंद्रम येथें, लॉरी बेकर (१९१७–२००७) या इंग्रज वास्तुकारानें तें करून दाखविलें. जवळपास मिळणाऱ्या सामानानेंच घर बांधावें हा गांधीजींचा उपदेश आपणांस मिळाला असें ते सांगत. विटा उभ्या ठेवून भिंतीच्या पोटांत पोकळी सोडण्याची रीति त्यांनीं रूढ केली. तींत सुमारें चतुर्थांश विटा वांचतात व ती पोकळी उष्णता आंत येऊं देत नाहीं. स्लॅबच्या खालच्या भागांत काँक्रीटऐवजीं टाकाऊ कौलें भरून त्यांनीं सिमेंट व लोखंड वांचविलें, आणि खिडक्यांच्या जागीं विटांच्या जाळ्या ठेवून वारा घरांत घेतला. तेथील विकास-अध्ययन केंद्राच्या इमारती याच पद्धतीच्या आहेत. कोंकणांत आज बेताच्या पैशांत घर बांधणारानें बाहेरून चिरा उघडा ठेवावा, सांधे चुन्याचे करावे, जोतें उंच घ्यावें, पाखी दोन हात पुढें काढावी, आणि कौलांखालीं हवा खेळेल असा माळा सोडावा. घर पूर्वींच सिमेंटांत गेलें असेल तर निदान पोथ्यांचें कपाट बाहेरच्या भिंतीस टेंकवूं नये, त्याच्या दारांस भोकें पाडावीं, आणि नवरात्रांत सरस्वतीपूजनास पोथ्या काढतात त्या वेळीं प्रत्येक बस्ता सोडून सावलींत वारा द्यावा. कडक उन्हांत घालूं नये. कागद ठिसूळ होतो.

संग्राहकांस एक विनंती आहे. पोथी कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं मिळाली हें आपण टिपतों. ती घरांत कोठें होती तेंही टिपावें. माळ्यावर कीं माजघरांतील कोनाड्यांत, चुलीच्या वर कीं देवघरांत, भिंत मातीची कीं सिमेंटाची, छप्पर नळ्यांचें कीं स्लॅबचें. पांचपन्नास संग्रहांचीं अशीं टिपणें जुळलीं तर कोणत्या जागीं कागद टिकतो हें अनुमानानें न सांगतां पुराव्यानें सांगतां येईल. आणि दप्तर चाळतांना घरखर्चाच्या वह्या रद्दी म्हणून बाजूस टाकूं नयेत. चिरे, चुना, वासे, नळे व शाकारणीची मजुरी यांच्या नोंदी मिळाल्या तर त्यांतच मिळतील, आणि ज्या घरांच्या त्या नोंदी आहेत तीं घरें पडण्यापूर्वीं त्यांचीं मापें घेऊन ठेवलीं पाहिजेत.