टॅमरिंड इन्स्टिट्यूट

शिलामुद्रणाला वाहिलेली अमेरिकेतील कार्यशाळा व कलावंत-निवास केंद्र. चित्रकर्ती जून वेन यांनी 1960 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून लॉस एंजेलिस येथे ते सुरू केले. टॅमरिंड हे तिथल्या रस्त्याचे नाव. अमेरिकेत त्या काळी हे तंत्र जाणणारे मुद्रक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. म्हणून कलावंतांइतकेच मुद्रकही घडवायचे, हा वेन यांचा आग्रह होता. गारो अँट्रिएशियन हे पहिले तांत्रिक संचालक.

निवासी कलावंत घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतो. मुद्रक तिच्यावर डिंक व आम्लाचे मिश्रण फिरवतो. मग ओल्या शिळेवर शाई फक्त तेलकट रेषा धरतात, कोरा भाग ती झिडकारतो. छपाई संपली की शिळा घासून पुन्हा कोरी केली जाते. चित्र कलावंताचे, छपाई मुद्रकाची; म्हणूनच इथल्या कामाचे श्रेय दोघांचे. मुद्रकाची ठसामुद्राही कागदावर उमटते. ॲनी आल्बर्स, रूथ असावा, लुईझ नेव्हेलसन यांनी येथे काम केले. 1970 पासून केंद्र अल्बुकर्की येथे न्यू मेक्सिको विद्यापीठात आहे.