तबकडींतल्या तबकड्या



शहरांतील घड्याळांच्या कोणत्याहि दुकानाच्या कांचेमागें पाहिलें, तर पुरुषांसाठीं मांडलेल्या घड्याळांपैकीं पुष्कळशांच्या मोठ्या तबकडीवर आणखी दोन, तीन, क्वचित् चार लहान तबकड्या बसविलेल्या दिसतात. घड्याळ लग्नांत जांवयाला द्यावयाचें असो कीं मुलाला पहिल्या नोकरीनिमित्त, घरांतील मंडळींची दृष्टि प्रथम ह्याच चेहऱ्यावर खिळते. घड्याळ भारी दिसतें आणि किंमत मात्र आवाक्यांतली असते. मग दुकानांतच शंका येते कीं, ह्या लहान कांट्यांना कांहीं काम आहे, कीं ते नुसते शोभेचे आहेत? आणि काम असेल, तर एके काळीं श्रीमंतांनाच परवडणारी ही करामत इतक्या थोडक्या पैशांत कशी मिळूं लागली? दुकानदार ह्याचें उत्तर देईलच असें नाहीं. घड्याळाचा इतिहास मात्र तें देतो. म्हणून आज त्या इतिहासाचा थोडक्यांत मागोवा घेऊं.

काळाविषयीं माणूस पूर्वीपासून दोन निरनिराळे प्रश्न विचारीत आला आहे. 'किती वाजले?' हा एक, आणि 'किती वेळ गेला?' हा दुसरा. आपल्याकडे मुहूर्त साधण्यासाठीं पाण्यांत घटिकापात्र सोडीत असत. तळाशीं बारीक छिद्र असलेली ती वाटी भरून बुडाली, म्हणजे एक घटिका, अर्थात् आपलीं चोवीस मिनिटें, झाली असें समजावयाचें. घटिकापात्र किती वाजले हें स्वतः सांगत नसे; अमुक एका क्षणापासून किती वेळ लोटला एवढेंच तें सांगे. मनगटी घड्याळाचे मोठे कांटे पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतात. लहान तबकड्यांचा विस्तार झाला, तो मुख्यतः दुसऱ्या प्रश्नामुळें.

ह्या तबकड्यांपैकीं सर्वांत परिचित ती सेकंदांची. खिशांतल्या घड्याळांत सहाच्या आंकड्यावर एक चिमुकला कांटा फिरतांना आपल्यापैकीं अनेकांनीं आजोबांच्या घड्याळांत पाहिला असेल. त्याची जागा यंत्रानेंच ठरविलेली असे. घड्याळाच्या नेहमींच्या रचनेंत चौथें चक्र मिनिटाला एक फेरा करतें. त्या चक्राचा आंस थोडा लांबवून त्यावर कांटा बसविला, कीं सेकंद आयते दिसूं लागतात. तोच कांटा तबकडीच्या मध्यावर आणावयाचा, तर निराळी योजना करावी लागते. ही पहिली लहान तबकडी अशी यंत्राच्या सोयींतून जन्मास आली, आणि म्हणूनच ती आजहि डोळ्यांस खटकत नाहीं.

पुढची पायरी म्हणजे पाहिजे तेव्हां सुरू होणारा आणि पाहिजे तेव्हां थांबणारा कांटा. लुई म्वाने ह्या फ्रेंच कारागिरानें १८१६ सालीं ताऱ्यांच्या वेधांसाठीं असें एक यंत्र पुरें केलें. त्यांत सेकंदाचा साठावा भाग मोजतां येई. हें यंत्र २०१३ सालीं जगापुढें आलें. तोंपर्यंत पहिलेपणाचा मान निकोला रिअसेक ह्याच्याकडे होता. ह्या गृहस्थानें १८२१ सालीं पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती मोजल्या. त्याच्या पेटींत तबकडी फिरे, आणि कळ दाबतांच तिच्यावर शाईचा ठिपका पडे. दोन ठिपक्यांमधील अंतर म्हणजे लोटलेला वेळ. काळ लिहून ठेवणारें तें यंत्र. म्हणून ग्रीक भाषेंतील 'काळ' आणि 'लिहिणें' ह्या अर्थाच्या शब्दांवरून त्याला क्रोनोग्राफ हें नांव मिळालें. शाई केव्हांच गेली. नांव तेवढें राहिलें.

परंतु खरी अडचण निराळीच होती. थांबविलेला कांटा पुन्हां शून्यावर आणावयाचा कसा? ती अडॉल्फ निकोल ह्यानें सोडविली. त्यानें १८४४ सालीं ज्या युक्तीचें पेटंट घेतलें, ती इतकी सोपी आहे कीं तिचें कौतुक वाटावें. कांट्याच्या आंसावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची एक लहान चकती बसवावयाची. कळ दाबली कीं एक हातोडी त्या चकतीवर येऊन टेकते. बदामाच्या बाजू घसरत्या असल्यामुळें चकती कोणत्याहि स्थितींत असली तरी फिरून आपल्या खांचेपाशींच स्थिर होते, आणि कांटा शून्यावर येतो. १८६२ च्या लंडन येथील प्रदर्शनांत ही योजना असलेलें घड्याळ लोकांनीं पाहिलें. आजच्याहि चावीच्या क्रोनोग्राफांत तोच बदाम काम करीत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हें यंत्र खिशांतून मनगटावर आलें. पहिल्या महायुद्धांत खिशांत हात घालून घड्याळ काढण्याइतकी सवड कोणास होती? आरंभीं सुरू करणें, थांबविणें व शून्यावर आणणें हीं तिन्ही कामें एकाच कळीनें क्रमानें होत. ब्राइटलिंग कंपनीनें १९३४ सालीं शून्यावर आणण्यासाठीं दुसरी स्वतंत्र कळ दिली, आणि आज आपणांस परिचित असलेला चेहरा तयार झाला. त्यांत कामाची वांटणी अशी: एका लहान तबकडींत चालू सेकंद, दुसरींत तीस मिनिटांची मोजणी, तिसरींत बारा तासांची. मध्यावरचा लांब, बारीक कांटा कळ दाबल्याशिवाय हलत नाहीं. तो बाराच्या आंकड्यावर उभा असतो, आणि तेवढ्यावरून घड्याळ बंद पडलें अशी समजूत होऊन पुष्कळ घड्याळें विनाकारण दुकानीं परत जातात.

भोंवतालच्या कडेवरील आंकडेहि उगाच नसत. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत मोटारीला ४५ सेकंद लागले, तर कडेवर ८० हा आंकडा दिसतो. तो तिचा ताशीं वेग. डॉक्टरांच्या घड्याळांत नाडीचे पंधरा किंवा तीस ठोके मोजून थांबविलें, कीं मिनिटाचे ठोके वाचतां येत. तोफखान्याच्या घड्याळांत तोफेचा उजेड दिसल्यापासून आवाज ऐकूं येईपर्यंतच्या वेळावरून अंतर कळे. टेलिफोनचें बोलणें तीन तीन मिनिटांच्या हिशेबानें आकारलें जाई, त्या काळांत कांहीं घड्याळांच्या मिनिट-तबकडींत तीन, सहा आणि नऊ ह्या खुणा मुद्दाम लांब काढीत. तबकडीवरची प्रत्येक रेघ कोणाच्या तरी गरजेसाठीं होती.

आतां किंमतीकडे वळूं. जुन्या उत्तम क्रोनोग्राफांत कळीचा हुकूम एक खांबांचें चक्र पाळी. एका दातेरी चक्रावर लहान लहान खांब उभे असत, आणि कळ दाबतांच चक्र एक घर पुढें सरकून निरनिराळे दांडे उचलले वा सोडले जात. हें चक्र घडविणें व जुळविणें हें कुशल हाताचें काम होतें. म्हणून तें महाग पडे. १९३७ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या लँडेरॉन कारखान्यानें त्याच्या जागीं ठशानें कापलेल्या सपाट पट्ट्यांची योजना आणली. कळीचा स्पर्श थोडा जड झाला, परंतु घड्याळ स्वस्त झालें आणि दुरुस्तीसहि सोपें पडूं लागलें. शिवाय लँडेरॉन, व्हीनस, व्हॅल्जू असे कारखाने नुसतीं यंत्रें बनवीत आणि शेंकडों व्यापारी तीं विकत घेऊन आपापलीं नांवें तबकडीवर घालीत. तबकडीवरचें नांव एकाचें आणि पोटांतलें यंत्र दुसऱ्याचें, ही गोष्ट आजची नव्हे. तींत फसवणूकहि नाहीं. यंत्र चांगलें असलें म्हणजे झालें.

ह्याच सुमारास पंचांगहि घड्याळांत शिरलें. युनिव्हर्सल जिनेव्ह कंपनीच्या १९४४ च्या ट्राय-कॉम्पॅक्स घड्याळांत वेळमोजणीच्या तबकड्यांबरोबर वार, तारीख, महिना आणि चंद्राची कला दिसे. चंद्रासाठीं बहुधा ५९ दातांचें चक्र वापरतात. त्यावर दोन चंद्र रंगविलेले असतात आणि प्रत्येकाच्या वांट्यास साडेएकोणतीस दिवस येतात. खरा चांद्रमास ह्याहून सुमारें ४४ मिनिटांनीं मोठा आहे. त्यामुळें अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळांत ह्या चंद्राची एक दिवसाची चूक होते. पंचांगकर्त्यानें ह्यावर अवलंबूं नये, पण पौर्णिमेच्या सुमारास चंद्र पुरा दिसण्याची हौस भागते.

चावीच्या क्रोनोग्राफाचा कळस आणि त्याचें संकट हीं एकाच वर्षीं आलीं. १९६९ च्या जानेवारींत झेनिथनें, मार्चमध्यें हॉयर, ब्राइटलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, आणि मे महिन्यांत जपानच्या सायकोनें, हाताच्या हालचालीनें आपोआप चावी मिळणारे क्रोनोग्राफ पुढें केले. जुलैंत ओमेगाचा साधा चावीचा क्रोनोग्राफ चंद्रावर पोंचला. पुढच्या एप्रिलमध्यें अपोलो १३ यानावर स्फोट झाल्यानंतर वीज वांचविण्यासाठीं उपकरणें बंद ठेवावीं लागलीं, तेव्हां परतीचा मार्ग सुधारण्यासाठीं १४ सेकंद इंजिन चालवावयाचें होतें, आणि तो अवधि मनगटावरच्या अशाच घड्याळानें मोजला. 'किती वेळ गेला' ह्या प्रश्नावर तिघांचे प्राण अवलंबून होते!

परंतु १९६९ च्या नाताळाच्या दिवशींच सायकोनें क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें होतें. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढी, होती. पण वर्षांमागून वर्षें तें तंत्र स्वस्त होत गेलें आणि चावीच्या घड्याळांचा बाजार बसला. स्वित्झर्लंडमध्यें १९७० च्या सुमारास ह्या धंद्यांत सुमारें नव्वद हजार लोक होते. पंधरा वर्षांत त्यांतले तीस हजारांच्या आसपास उरले. झेनिथच्या अमेरिकन मालकांनीं १९७५ सालीं चावीच्या यंत्रांचें उत्पादन थांबवून हत्यारें मोडींत काढण्याचा हुकूम दिला. ल लोक्ल येथील चार्ल्स व्हर्मो ह्या कारागिरानें ती आज्ञा मानली नाहीं. त्यानें ठसे आणि हत्यारें माळ्यावर लपविलीं, त्यांच्यावर चिठ्ठ्या लावल्या आणि कृति वहींत टिपून ठेवली. पुढील दशकांत चावीच्या क्रोनोग्राफांना पुन्हां मागणी आली, तेव्हां त्या माळ्यावरच्या सामानामुळेंच तें यंत्र पुनः बनूं शकलें.

आपल्या आवाक्यांतील घड्याळाचें मूळ मात्र त्या माळ्यावर नाहीं. तें १९८३ च्या सायको घड्याळांत आहे. कांट्यांचा पहिला क्वार्ट्झ क्रोनोग्राफ तो हाच. त्यांत चार चिमुकल्या मोटारी होत्या. खांबांचें चक्र, दांडे, हातोडी, हें सर्व गेलें. मोजणी विजेच्या मंडलानें करावयाची आणि मोटारींनीं कांटे फिरवावयाचे. कुशल हाताची गरज संपली आणि लहान तबकड्या सामान्य घरांत आल्या. आपल्या देशांत हिंदुस्थान मशीन टूल्सनें बंगलोर येथें जपानच्या सिटिझनच्या साह्यानें १९६१ पासून घड्याळें बनविलीं, तीं मुख्यतः साधीं आणि टिकाऊ होतीं. १९८४ सालीं स्थापन झालेल्या टायटननें पुढें क्वार्ट्झ घड्याळाला दागिन्याचें रूप दिलें, आणि लग्नाच्या आहेरांत तबकड्यांच्या घड्याळालाहि स्थान मिळालें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आज स्वस्तांत मिळणाऱ्या तबकड्यांच्या घड्याळांचे चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गांत लहान कांटे चिकटविलेले किंवा छापलेले असतात. कळा दाबल्या तरी कांहीं होत नाहीं, किंवा त्या दाबल्याच जात नाहींत. दुसऱ्यांत वार, तारीख आणि चोवीस तास दाखविणाऱ्या तबकड्या असतात. ह्या खऱ्या असतात, परंतु त्या वेळ मोजीत नाहींत. तिसरा वर्ग क्वार्ट्झ क्रोनोग्राफाचा. त्यांतहि चोवीस तासांची तबकडी पुष्कळदां असते आणि ती मोठ्या कांट्यांचेंच म्हणणें पुन्हां सांगते. सायकोच्या एका यंत्रमालिकेंत तर वेळ क्वार्ट्झनें चालते, पण शून्यावर येणें जुन्या हातोडीनें होतें, म्हणून कांटा झटकन् परत उडी घेतो. चौथा वर्ग चावीच्या यंत्रांचा. त्यांत चीनमधील तिआनजिन येथील यंत्र स्वस्तांत मोडतें. १९६१ मध्यें तेथें हवाई दलासाठीं सुरू झालेल्या कामांत व्हीनस कारखान्याच्या १७५ क्रमांकाच्या यंत्राची सामग्री उपयोगी पडली, आणि तिचाच वंश आज चालूं आहे. मात्र त्याची देखभाल करणारा घड्याळजी गांवांत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

निवड करतांना पैसे देण्यापूर्वीं वरची कळ दाबा. मधला कांटा निघाला पाहिजे. त्याला पुरें एक मिनिट चालूं द्या; मिनिटाची लहान तबकडी एक घर पुढें गेली पाहिजे. पुन्हां कळ दाबून थांबवा आणि खालच्या कळीनें शून्यावर आणा. कांटा नेमका बारावर उभा राहिला पाहिजे. एवढी परीक्षा कोणताहि प्रामाणिक दुकानदार आनंदानें करूं देतो. समारंभासाठीं घड्याळ हवें असेल, तर तें सदऱ्याच्या मनगटपट्टीखालीं सहज जाईल इतकें पातळ असावें, आणि चार तबकड्यांपेक्षां दोन बऱ्या. गर्दींत मुख्य कांटे हरवतां कामा नयेत. पाण्यांत असतांना कळा दाबूं नयेत, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आणि खरा क्रोनोग्राफ खर्चांत बसत नसेल, तर? तर सहाच्या आंकड्यावर एकच सेकंद-तबकडी असलेलें साधें घड्याळ घ्यावें. चिकटविलेल्या कांट्यांचें घड्याळ मात्र आहेरांत देऊं नये. घेणारा तें वर्षानुवर्षें मनगटावर वागवील, आणि केव्हां तरी त्याचें लहान मूल ती कळ दाबून, कांटा कां हलत नाहीं, असें विचारील. त्या वेळीं देणाऱ्याचें नांव निघेल, हें देण्यापूर्वींच मनांत आणावें.