नाक आणि हनुवटी

आपल्या देशात शस्त्रवैद्यकाचा विषय निघाला की सुश्रुताचे नाव घेऊन मान उंच करण्याची चाल आहे. तो अभिमान अस्थानी नाही. परंतु अलीकडे मान उंच करून आरशात जे पाहिले जाते, ते निराळ्याच चिंतेने. हनुवटीखाली जो मांसल पदर लोंबतो, त्यास दुहेरी हनुवटी म्हणतात; आणि तो नाहीसा करण्यासाठी चरबी शोषून काढणारी शस्त्रक्रिया, म्हणजे लायपोसक्शन, करून घ्यावी की काय, हा प्रश्न मोठ्या शहरांतून निघून यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यातील सुशिक्षित घरांतही येऊन पोहोचला आहे. विवाहयोग्य मुलामुलींच्या तोंडी तो आम्ही ऐकला आहे. त्याची थट्टा करणे सोपे. पण विचारणाऱ्याचे दुःख खरे असते. यास्तव या विद्येचा इतिहास या बाबतीत काय सांगतो, ते पाहू.

या इतिहासातील एक ठळक प्रकरण महाराष्ट्रातच घडले. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. 1792 च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून वावरला. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या मनुष्याने त्यास नवे नाक करून दिले. क्रुसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, आणि तिचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात ऑक्टोबर 1794 मध्ये चित्रासह छापला गेला.

पद्धत अशी होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या खुंटावर बेतून घ्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवावयाची, मात्र दोन भुवयांमधील एक पट्टी जोडलेलीच ठेवावयाची, म्हणजे रक्ताचा पुरवठा तुटत नाही. कातडी पिळून खाली वळवावयाची आणि नव्या जागी बसवून वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या ठेवावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेल्या चिंध्या बांधीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापीत. हा वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू याने आधी प्रेतांवर अभ्यास केला, 1814 मध्ये लंडन येथे तशीच शस्त्रक्रिया केली, आणि 1816 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातील नव्या प्लास्टिक सर्जरीचा एक उगम असा पुण्याच्या वाटेवर आहे. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

नाक गेलेल्या मनुष्याचे उणे भरून काढणे हे या विद्येचे पहिले काम. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज याने तोफगोळ्यांनी विदीर्ण झालेले सैनिकांचे चेहरे सांधले, तेही तेच काम. जे अधिक आहे ते काढण्याचा मार्ग यानंतरचा, आणि त्याचा आरंभ अशुभ झाला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पॅरिसच्या शार्ल दुजारिए या शस्त्रवैद्याने एका निरोगी तरुणीच्या पायांची जाडी खरवडून कमी करण्याचा प्रयत्न केला. परिणामी तिचा पाय कापावा लागला. पुढे 1970 नंतरच्या वर्षांत रोमच्या फिशर पितापुत्रांनी व पॅरिसच्या इलूझ याने पोकळ नळीने चरबी ओढून घेण्याची रीत बसविली. 1980 नंतर अमेरिकेतील जेफ्री क्लाइन याने भरपूर पातळ केलेले बधिर करणारे औषध चरबीत भरण्याची युक्ती काढली. तिने रक्तस्राव कमी झाला आणि संपूर्ण भूल देण्याची गरज पुष्कळ प्रसंगी उरली नाही. हनुवटीखालची चरबी आज लहानशा छेदातून बारीक नळीने काढतात. 2015 मध्ये अमेरिकेत तीच चरबी विरघळविणाऱ्या एका इंजेक्शनासही मान्यता मिळाली.

तेव्हा ही क्रिया आज दुजारिएच्या काळासारखी भयंकर नाही. तथापि ती निरपवादही नाही. रक्त साकळणे, जंतुसंसर्ग, ओठाचा कोपरा हलविणाऱ्या मज्जातंतूस इजा होऊन काही काळ हसू वाकडे होणे, हे धोके तिच्यात आहेत. शिवाय गळ्याखालचा प्रत्येक फुगवटा चरबीचा नसतो. कोठे कातडी सैल झालेली असते, कोठे हनुवटीचे हाडच मागे असते, कोठे कंठस्थ ग्रंथी वाढलेली असते. तेथे नळीचा उपयोग नाही, आणि शेवटच्या प्रकारात तर रोगच ओळखावयाचा राहून जातो. म्हणून नागपूर-मुंबईचे तिकीट काढण्यापूर्वी यवतमाळच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गळा तपासून घेणे शहाणपणाचे.

सौंदर्याचे माप तरी कोठे स्थिर आहे? शंखासारखा, तीन वळ्यांचा गळा हे आपल्या मूर्तिकारांनी सौंदर्याचे लक्षण मानले. चरकाने आठ निंद्य देहांत अतिस्थूलाबरोबर अतिकृशासही बसविले, आणि स्थूलतेवर आहार व व्यायाम सांगितले. शस्त्र सांगितले नाही. हौसेने आरसा पाहणे हा काही अपराध नव्हे. आणि कोणी प्रौढ मनुष्य सर्व जाणून ही क्रिया करवील, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. पण एक भेद ध्यानात ठेवावा. कावसजीच्या नाकाचे माप त्याच्याच चेहऱ्यावर, त्याच्याच नाकाच्या खुंटावर मेण बसवून घेतले होते. आजच्या तरुणाच्या हनुवटीचे माप पुष्कळदा दुसऱ्याच्या छायाचित्रावरून, किंवा स्थळ पाहावयास आलेल्या पाहुण्यांच्या एखाद्या शब्दावरून घेतले जाते. शस्त्र चांगले झाले, हात कसलेला झाला, औषधही सुधारले. माप कोणाचे, हा प्रश्न मात्र शस्त्रवैद्य सोडवू शकत नाही. तो घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांबरोबर बसून, त्यांस न हिणवता, आधी सोडवावा.