द्राक्षाचा मणी आणि गल्ल्यापर्यंतचं अंतर

दुकानात शिरल्यावर, पैसे चुकते करायच्या आधी, द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकावा की नाही? अमेरिकेतल्या मराठी घरांत या प्रश्नावर दोन तट आहेत, आणि बहुतेक वेळा ते एकाच घरात नांदतात. एक तट म्हणतो, चव न बघता फळ घेणं म्हणजे शुद्ध बावळटपणा. दुसरा म्हणतो, पावती हातात पडेपर्यंत माल दुकानदाराचा, उगाच शोभा नको. मी कॉम्प्युटरवाला माणूस. व्यवहार नेमका कोणत्या क्षणी पुरा झाला आणि मध्येच वीज गेली तर पैसे कोणाचे, असल्या प्रश्नांवरच माझं पोट चालतं. म्हणून या भांडणात बाजू घेण्याआधी थोडा इतिहास चाळला. गंमत अशी की हा प्रश्न इथेसुद्धा जेमतेम शंभर वर्षांचाच आहे. त्याआधी तो पडायची सोयच नव्हती.

कारण माल गिऱ्हाइकाच्या हातात नसायचाच. जुनं अमेरिकन दुकान आपल्या वाण्याच्या दुकानासारखं होतं. पुढे काउंटर, मागे फळ्या, मध्ये दुकानदार. तुम्ही यादी सांगायची, त्याने मोजून, बांधून द्यायचं. पीठ, साखर, खारी बिस्किटं, सगळं पिंपांतून निघायचं. त्या बिस्किटांच्या पिंपाभोवती गावातली रिकामटेकडी मंडळी गप्पा ठोकत बसायची आणि अधूनमधून एखादं बिस्किट तोंडात टाकायची. दुकानदार ते बघतच असायचा. वाणी पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. चाखणं होतं, पण ते मालकाच्या नजरेसमोर आणि त्याच्या मर्जीने. मग १८९८ साली नॅशनल बिस्किट कंपनी स्थापन झाली आणि तिने मेणकागदाचं अस्तर असलेल्या बंद खोक्यातून 'उनीडा' बिस्किटं विकायला सुरुवात केली. बिस्किट कुरकुरीत राहू लागलं, उंदीर आणि धूळ दूर राहिली, आणि हळूहळू पिंपाभोवतीची ती बैठकही मोडली.

खरा उलथापालथ करणारा दिवस म्हणजे ६ सप्टेंबर १९१६. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात, जेफर्सन अॅव्हेन्यूवर, क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' असं चमत्कारिक नाव असलेलं दुकान उघडलं आणि काउंटरच काढून टाकला. दारात फिरता अडसर. आत शिरलं की हातात टोपली घ्यायची, ठरवून दिलेल्या एकाच नागमोडी वाटेने सगळ्या फळ्यांसमोरून जायचं, हवं ते स्वतः उचलायचं आणि शेवटी एकदाच पैसे द्यायचे. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. या मांडणीचं त्याला १९१७ मध्ये पेटंटसुद्धा मिळालं. मी त्यातला नकाशा पाहिला तेव्हा हसूच आलं. आमच्या धंद्यात फ्लोचार्ट काढतात तसाच! एक प्रवेश, एक निर्गम, मध्ये वळणं.

सॉन्डर्सला नोकरांचा पगार वाचवायचा होता, समाजसुधारणा करायची नव्हती. पण त्या काळच्या दक्षिणेत काउंटरवर काळं गिऱ्हाईक आधीपासून उभं असलं तरी मागून आलेल्या गोऱ्याचं सामान आधी बांधलं जायचं, चांगला माल कोणाला आणि तळातला कोणाला हेही दुकानदारच ठरवायचा. लिहिलेली किंमत आणि आपल्या हाताने उचललेली वस्तू, या दोन गोष्टींनी त्या अपमानाला निदान थोडी कात्री लागली. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण याच दिवसापासून दुसरंही एक सुरू झालं. फळी आणि गल्ला यांच्यामध्ये अंतर पडलं. त्या अंतरात वस्तू तुमच्या हातात आहे, पण तुमची नाही. आपला द्राक्षाचा मणी नेमका तिथेच अडकलेला आहे.

कायद्याला या अंतराचं काय करायचं हे ठरवायला बराच वेळ लागला. मॅसॅच्युसेट्समध्ये एका बाईंनी अशाच दुकानात फळीवरून उचललेली पेयाची बाटली पैसे देण्याआधीच फुटली. त्यांनी दुकानावर दावा लावला. १९४६ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं की विक्री झालेलीच नव्हती, त्यामुळे विकलेल्या मालाची हमी लागू होत नाही. इंग्लंडात बूट्स या औषधवाल्यांच्या एजवेअरमधल्या दुकानावरून असाच वाद झाला आणि १९५३ मध्ये निकाल लागला की फळीवरची वस्तू म्हणजे नुसतं आमंत्रण, सौदा होतो तो गल्ल्यावर. म्हणजे कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे आमच्या घरातला दुसरा तट बरोबर. चॉकलेट खाऊन गल्ल्यापाशी आलात तर तुम्ही दुकानदाराचं चॉकलेट खाल्लंत.

तरीही लोक खातात. रडणाऱ्या पोराला शांत करायला आई बिस्किटाचा पुडा फोडते, गल्ल्यावर रिकामा पुडा पुढे करते आणि कोणी चकार शब्द काढत नाही. याचं श्रेय मी बारकोडला देतो. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावात मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचा पुडा यंत्रावरून सरकवला गेला. नेहमीच्या खरेदीत बारकोड वाचला गेला तो तिथे पहिल्यांदा. तेव्हापासून यंत्राला वस्तू लागतच नाही, रेघा पुरतात. आत बिस्किटं असोत वा नसोत, रिकामं वेष्टणही पूर्ण किंमत सांगतं. इथला अलिखित नियम यावरच उभा आहे: नगावर विकलेलं असेल, वेष्टण जपून ठेवलं असेल आणि पैसे देणार हे नक्की असेल, तर बहुतेक दुकानं काणाडोळा करतात.

द्राक्षांचं तसं नाही. ती पौंडावर विकतात आणि वजन होतं गल्ल्यावर. १९९० पासून फळांवर चार आकडी क्रमांकांची चिकटपट्टी आली. केळी ४०११, हिरवी बिनबियांची द्राक्षं ४०२२. पण हा क्रमांक फक्त भाव सांगतो, किती घेतली ते तराजूच सांगणार. पोटात गेलेला मणी तराजूवर येत नाही. म्हणून पाच डॉलरचा बिस्किटांचा पुडा आधी फस्त केला तर चालतं आणि दोन सेंटचा मणी खाल्ला तर वाईट दिसतं. रकमेचा इथे संबंध नाही, हिशोबाचा आहे.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती मूळची तासगावची. द्राक्षाच्या मुलखातली बाई. ती म्हणाली, "अरे, न चाखता द्राक्षं घ्यायची, आणि तीही डॉलर मोजून?" तिचा मुद्दा साधा होता: बाजारात विकणाराच दोन मणी हातावर ठेवतो आणि म्हणतो, चव बघा. आणखी एक गंमत तिला माहीत नव्हती. तासगावची प्रसिद्ध 'तास-ए-गणेश' जात ही ज्या थॉमसन सीडलेस द्राक्षातून निवडून काढली, त्याला ते नाव इथल्या कॅलिफोर्नियातच मिळालं. म्हणजे ती चाखू पाहत होती ते फळ तिच्या ओळखीचंच होतं.

मला मात्र काळजी निराळीच होती. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवलं की अशा दुकानात चोरी पुरी व्हायला दाराबाहेर पडावंच लागतं असं नाही. वर्तनावरून हेतू दिसला, म्हणजे इकडेतिकडे चोरट्यासारखं बघणं, वस्तू लपवणं, तर आतही गुन्हा होतो. कायदा म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण वर्तन वाचणारा डोळा सगळ्यांना सारखा वाचत नाही. शेजारची सोनेरी केसांची आजी मणी खाते तेव्हा ती चव बघत असते. नऊवारीतली, इंग्रजी न येणारी, परक्या जागी बावरून चहूकडे बघणारी आजी तेच करते तेव्हा ती काय करत असते? काउंटर गेला तेव्हा दुकानदाराची मर्जी गेली असं आपण म्हणतो. ती गेली नाही, छताला जाऊन बसली.

आईने मार्ग स्वतःच काढला. भाज्या रचणाऱ्या मुलाला तिने द्राक्षं दाखवली आणि बोट ओठांपाशी नेलं. त्याने हसून एक छोटा घोस तोडला आणि धुऊन तिच्या हातावर ठेवला. "आंबट आहेत," ती मला म्हणाली, आणि आम्ही पेअर घेतले.

सॉन्डर्सचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १९२३ मध्ये शेअर बाजारातल्या झुंजीत त्याच्या हातून पिगली विगली गेली. १९३७ मध्ये त्याने 'कीडूझल' नावाचं नवं दुकान काढलं. त्यात माल काचेआड. गिऱ्हाइकाने एक किल्ली घेऊन फिरायचं, हव्या त्या वस्तूपाशी ती खुपसायची, आणि यंत्र सगळं गोळा करून गल्ल्यावर आणून देणार. ज्याने वस्तू पहिल्यांदा लोकांच्या हातात दिली, त्यानेच ती परत काढून घेतली! तिथे कोणी मणी चाखू शकलं नसतं. पण यंत्रं सारखी अडायची, गर्दी झाली की गोंधळ व्हायचा. दोन-तीनदा प्रयत्न करून १९४९ पर्यंत तो प्रकार बंद पडला.

हल्ली गल्ल्यावर माणूसच नसतो, आपणच यंत्रावर पुडे सरकवायचे. अशा बऱ्याच यंत्रांत पिशवीखाली तराजू असतो आणि तो प्रत्येक पुड्याचं ठरलेलं वजन पडताळतो. अर्धा खाल्लेला चिवड्याचा पुडा ठेवला की वजन जुळत नाही, यंत्र अडतं, वर लाल दिवा लागतो. मग कोपऱ्यात उभी असलेली मावशी चष्मा सावरत येते, पुडा बघते, पोराकडे बघते आणि बटण दाबून सोडून देते.